जगबुडीच्या काळजीत जागणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज रात्री दोन चाळीसला आला होता, मी सकाळी वाचला. 'लघुग्रह नाही तर ज्वालामुखी, तोही नाही तर सूर्यच विझणार, मग मुलीला शिकवायचं तरी कशासाठी?' फोनवर उत्तर लिहिलं आणि दोनदा पुसलं. म्हणून शेवटी कागद घेतला.

तुला जे वाटतंय त्यात हसण्यासारखं काहीच नाही, हे आधी सांगतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी साधारण दहा किलोमीटर रुंदीचा दगड आजच्या मेक्सिकोतल्या युकातानच्या भागात खरोखर आदळला आणि पृथ्वीवरच्या जवळपास तीन चतुर्थांश जीवजाती संपल्या. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण हे काही तुझ्या मनाने रचलेलं नाही.

तुला तेव्हा बोललो नव्हतो, पण २०२५च्या फेब्रुवारीत माझीही हीच गत झाली होती. डिसेंबर २०२४मध्ये '२०२४ वायआर ४' नावाचा लघुग्रह सापडला. तो २२ डिसेंबर २०३२ला पृथ्वीवर आदळेल याची शक्यता आधी एक टक्का होती, मग दोनवर गेली आणि १८ फेब्रुवारीला ३.१ झाली. रोज रात्री पांघरुणात फोनचा उजेड कमी करून मी तो आकडा बघायचो. आकडा चढला की पोटात गोळा यायचा, जणू तो दगडच एक पाऊल पुढे आला. आणि मग आठवडाभरात सगळं ओसरलं. २४ तारखेला आकडा होता ०.००४ टक्के. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मी घुश्शातच होतो. शून्यावरच यायचं होतं तर आधी चढला कशाला?

याचं उत्तर मला एका बटणाने दिलं. कागदाची वीतभर लांब पट्टी घे आणि तिच्यावर, एका टोकाच्या जरा जवळ, शर्टाचं बटण ठेव. पट्टी म्हणजे त्या दिवशी तो दगड जिथे जिथे असू शकतो ती सगळी जागा आणि बटण म्हणजे पृथ्वी. सुरुवातीला मोजक्याच रात्रींची निरीक्षणं हाती असतात, त्यामुळे पट्टी लांबलचक असते आणि बटणाने तिचा जरासाच भाग अडवलेला असतो. निरीक्षणं वाढली की पट्टीची टोकं फाडत जायची. बटण तेवढंच राहतं, पट्टी मात्र आखूड होते आणि बटणाचा वाटा वाढतो. टक्का चढतो तो असा. शेवटी एक तुकडा असा फाटतो की बटण त्याच्यासकट बाजूला येतं. इतके दिवस मी ज्याला संकट जवळ येणं समजत होतो, ते खरं तर आपलं अज्ञान कमी होणं होतं. हे कळलं त्या रात्री मी फोन बाहेरच्या खोलीत ठेवून झोपलो.

पण तुझ्या मुलीबद्दलच्या प्रश्नाला हे उत्तर नाही. ते मला दुसरीकडे सापडलं. अपोफिस नावाच्या लघुग्रहाचंही असंच झालं होतं. २००४च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, २०२९मध्ये तो आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली होती. त्याच दिवसांत, २६ डिसेंबरच्या सकाळी, हिंदी महासागरात त्सुनामी आली आणि दोन लाखांहून जास्त माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी जुन्या छायाचित्रांत अपोफिस सापडला आणि २०२९चा धोका टळला. नजरा आकाशाकडे लागल्या होत्या आणि घात समुद्रातून आला. हे मी कितीदा तरी मनात घोळवलंय.

ती त्सुनामी ज्या भूकंपामुळे आली, त्याच्या केंद्राच्या अगदी जवळ सिमेउलुए नावाचं इंडोनेशियाचं बेट आहे. लोकसंख्या साधारण ७८ हजार, आणि त्सुनामीत तिथे गेले सात जण. १९०७मध्ये तिथे मोठी लाट येऊन गेली होती. तिला ते 'स्मोंग' म्हणतात. तेव्हापासून आज्या नातवंडांना गोष्टींतून, गाण्यांतून सांगत आल्या की जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला तर काही गोळा करत बसू नका, टेकडीवर पळा. ९७ वर्षं त्यांनी ही भीती जपली, पण केवढीशी करून! गाण्याच्या चार ओळींत मावेल एवढी. त्या सकाळी ते पळाले, कारण मुलांना शिकवलेलं होतं. तू विचारतोस, शिकवायचं कशासाठी?

मग तुझ्या यादीतल्या प्रत्येक संकटाला मी विचारू लागलो की तू मला करायला काय सांगतोस? १५ फेब्रुवारी २०१३ला रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे वीस मीटरचा दगड हवेत फुटला. तो सूर्याच्या दिशेने आला, म्हणून आधी कुणालाच दिसला नव्हता. आकाश लख्ख उजळलं, लोक बघायला खिडक्यांशी गेले, आणि मिनिट-दोन मिनिटांनी धक्क्याची लाट आली तेव्हा काचा फुटल्या. सुमारे दीड हजार जखमी झाले, बहुतेक काचांनीच. असा उजेड दिसला तर खिडकीपासून लांब जायचं, एवढं तू मुलीला आजच सांगू शकतोस.

अमेरिकेतल्या यलोस्टोन ज्वालामुखीबद्दल तू 'वेळ उलटून गेलीय' म्हणतोस, ते मात्र मला पटत नाही. तिथले तीन प्रचंड उद्रेक साधारण २१ लाख, १३ लाख आणि ६.४ लाख वर्षांपूर्वीचे. दोन अंतरांवरून कसलं वेळापत्रक काढणार? ज्वालामुखी तारीख बघून फुटत नाही. खालचा दाब वाढला, वितळलेला खडक पुरेसा साठला तरच फुटतो, आणि त्याआधी जमीन फुगते, हादरे बसतात. तिथे उपकरणं लावून माणसं ते मोजत बसलेली आहेत.

खोटा धीर देत नाही. एक किलोमीटरहून मोठे, पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह ९० टक्क्यांहून जास्त सापडलेत, पण १४० मीटरच्या आसपासचे निम्मेसुद्धा नाहीत. शोध चालू आहे. २६ सप्टेंबर २०२२ला नासाने 'डार्ट' यान डिमॉर्फस नावाच्या, एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं आणि त्याची ११ तास ५५ मिनिटांची फेरी सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. माणसाने आकाशातल्या दगडाची वाट बदलली, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

राहिला सूर्य. शंभरेक कोटी वर्षांत तो इतका तापेल की समुद्र टिकणार नाहीत. याचं दुःख मलाही होतं आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. ते दुःख आपण दोघं मिळून बाळगू, पण रात्री दोन चाळीसला एकट्याने नको.

पाकिटात एक पट्टी आणि बटण घातलंय. मुलीला जवळ बसव आणि पट्टी तिलाच फाडू दे. आणि १३ एप्रिल २०२९, शुक्रवार, आत्ताच लिहून ठेव. अपोफिस त्या दिवशी जमिनीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, दूरसंचाराच्या कित्येक उपग्रहांपेक्षाही जवळून, जाणार आहे. आदळणार नाही, आणि काही भागांतून नुसत्या डोळ्यांनी दिसेल. जिथून दिसेल तिथे आपण तिघं जाऊ. चटई मी आणतो.

तुझाच,
मित्र