कांद्याचा आदेश काढण्याआधी आमच्याशी बोला

प्रति,
माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी निफाड तालुक्यातली कांदा उत्पादक. साडेतीन एकर रान आणि घरामागे कांदा साठवायची वीस टनांची चाळ.

दर चढले की साठा बघायला अधिकारी येतात. एका वर्षी आमच्या वस्तीवरही गाडी आली. साहेबांनी विचारलं, ‘कितना माल है?’ मी सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. ‘कब बेचोगे?’ तेवढ्यात सासूबाईंनी चाळीतला एक कांदा उचलून त्यांच्या हातात ठेवला. म्हणाल्या, मान दाबून बघा. अंगठा आत रुतला. वरून पत्ती चांगली, रंग चांगला, आतून मात्र पाणी सुटलेलं. असा एक सडला की शेजारचे दहा घेऊन जातो, म्हणून आम्ही भर पावसाळ्यात कांदा निवडत बसतो. एप्रिलमध्ये भरलेल्या मालात ऑक्टोबरपर्यंत वजनघट, सड आणि कोंब मिळून 30 ते 40 टक्के तूट येते. ती धरूनच आम्ही थांबतो. साहेबांनी रुमालाला हात पुसले. वहीत वीस टनच राहिले.

मंत्रीमहोदय, सरकार आमच्याशी बोलतं ते एवढंच. कांद्याच्या निर्यातीचा निर्णय घेताना आम्हाला कोणी विचारत नाही.

19 ऑगस्ट 2023, शनिवार. निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी दराने कांदा परदेशी पाठवता येईना, आणि 8 डिसेंबरला थेट निर्यातबंदी. तेव्हा लाल कांदा नुकता बाजारात यायला लागला होता, आणि तो चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला. बंदी उठली मे 2024 मध्ये, तीही 550 डॉलर किमान निर्यातमूल्याच्या अटीसह आणि 40 टक्के शुल्क ठेवून. पुढे शुल्क 20 टक्क्यांवर आलं, 1 एप्रिल 2025 ला गेलं. वीस महिन्यांत इतक्या वेळा नियम बदलले, पण मला ते प्रत्येक वेळी मोबाइलवरच्या बातमीतून कळले.

शहरातल्या ग्राहकाची काळजी सरकारने घ्यावीच. माझी बहीण ठाण्यात भाड्याच्या घरात राहते, कांदा महागला की तिचा फोन मलाच येतो. तिच्या बाजारातला दर आपल्याकडे रोज पोहोचतो, त्यासाठी देशभर साडेपाचशेहून जास्त केंद्रं आहेत. बी, रोपं, लागवडीची मजुरी, काढणी, चाळीतली तूट, हा आमचा हिशेब तितक्याच नेमाने आपल्या टेबलावर कोण ठेवतं?

कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यावं, असं केंद्र सरकारनेच 2014 मध्ये ठरवलं आहे. निर्यातीच्या आदेशाला महिनाभर थांबता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण किरकोळ दर कितीवर गेला की शुल्क लागेल आणि कितीवर आला की निघेल, हे लागवडीआधी जाहीर करायला काय अडचण आहे? तो आकडा आमच्याशी बोलून ठरवा. लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीच्या आवारात बसू. बोलणं मराठीत होऊ द्या, दुभाषा आणा, आणि कोण काय म्हणालं याचं इतिवृत्त छापा. वाटाघाटीत आमचं सगळंच मान्य होईल, अशी माझी अपेक्षा नाही. पण नाकारलं तर का नाकारलं, हे त्यात लिहिलेलं असावं.

चाळीत टिकणाऱ्या उन्हाळ कांद्याची रोपं आम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतो. किती टाकायची ते दसऱ्यानंतर ठरतं. त्याआधी या. सासूबाई घरीच असतात.

आपली,
एक कांदा उत्पादक,
ता. निफाड, जि. नाशिक