सरमिसळ नको, की माणसं नकोत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपतीच्या कार्यक्रमात बाहेरचं काही नको, आपली संस्कृती बिघडते, असं हल्ली सारखं ऐकू येतं. सरमिसळीलाच विरोध असता तर तो सगळ्याच सरमिसळीला झाला असता ना? आमच्या सोसायटीत यंदा मुलांनी इंग्लिश गाण्यावर हिपहॉप केलं, टाळ्याच टाळ्या, काय स्मार्ट पोरं आहेत म्हणून कौतुक झालं, आणि नंतर वॉचमनच्या बायकोने ढोलक घेऊन कजरी म्हणायला सुरुवात केली तर दुसऱ्या कडव्यालाच माइक बंद. मागून कुणीतरी म्हणालं, हे भोजपुरी इथे कशाला. ती काही बोलली नाही, ढोलक काखेत मारून स्टेजवरून उतरली. मला फार वाईट वाटलं.

कजरी म्हणजे मिर्झापूर-बनारसकडचं पावसाळ्यातलं गाणं. त्याच पूरबकडच्या ठुमरी-दादरा या गाण्याच्या प्रकारांचा ढंग संगीतकार गोविंदराव टेंब्यांनी 1911 च्या 'मानापमान' या संगीत नाटकात आणला, तेव्हा ही ठुमरी तवायफांच्या, म्हणजे नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकांच्या, कोठ्यांवर गायली जायची, आणि त्या बायकांना सभ्य घरात कुणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं. बालगंधर्वांच्या गळ्यातून आली आणि घराघरात गेली, आता तेच आपलं अभिजात नाट्यसंगीत! त्याच्याही आधी 1880 च्या 'शाकुंतल' नाटकात अण्णासाहेब किर्लोस्करांनी कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, लावणीचा ठेका आणि कर्नाटकी चाली बिनधास्त एकत्र केल्या होत्या. मग शुद्ध काय होतं सांगा.

म्हणजे आपण गाणं बघतच नाही, ते कुणी आणलं ते बघतो. ज्याला आपण वरचा मानतो त्याचं घेतलं की मॉडर्न, आणि ज्याला खालचा मानतो त्याचं आलं की घुसखोरी, इतकंच आहे हे. परप्रांतीयांचं जाऊ द्या, आपल्याच वऱ्हाडी-अहिराणी बोलणाऱ्यांना पुण्या-मुंबईत काय काय ऐकून घ्यावं लागतं ते त्यांनाच विचारा.

मराठी मागे पडतेय ही काळजी मलाही आहे. मराठी शाळा बंद पडतात त्यावर भांडूया, मी पहिला येतो, पण त्या बाईचा माइक बंद करून एक तरी मराठी शाळा वाचली का? पुढच्या वर्षी मंडळांनी सोसायटीत राहणाऱ्या आणि राबणाऱ्या सगळ्यांना कार्यक्रमात नाव द्यायला सांगावं आणि आपल्या पेपरानेही त्यांच्या कार्यक्रमांना जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे