स्वित्झर्लंडची शहरे सहलीतून वगळू नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुटी जवळ आली की आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत स्वित्झर्लंडला हमखास जागा मिळते आणि ती मिळावी असा तो देश आहेही. मात्र या मजकुरातला आणि सहल कंपन्यांच्या पत्रकांतला स्वित्झर्लंड म्हणजे युंगफ्राऊ, टिटलिस, बर्फात काढलेली छायाचित्रे आणि ल्युसर्नला घड्याळांच्या दुकानांपुढे मिळणारा तासाभराचा मोकळा वेळ, एवढाच असतो. झुरिच विमानतळापुरते राहते. बर्न आणि बाझेल यांची तर नावेही क्वचितच दिसतात. हिमशिखरे पाहू नयेत असे कोणी म्हणणार नाही. पण शिखरे निसर्गाने दिली आहेत, शहरे त्या लोकांनी घडवली आहेत. आणि हे लोक कसे राहतात हे ज्याला पाहायचे आहे त्याने निदान दोन-तीन दिवस शहरांसाठी राखून ठेवावेत, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

हा देश महाराष्ट्राच्या सातव्या हिस्स्याएवढाही नाही, आणि तरीही सारे काही गिळून बसलेले एकच महानगर तिथे नाही. संसद बर्नमध्ये, सर्वोच्च न्यायालय लोझानमध्ये, बँका प्रामुख्याने झुरिचमध्ये, औषधनिर्मितीचे मोठे उद्योग बाझेलमध्ये आणि संयुक्त राष्ट्रांची युरोपातील मुख्य कचेरी जिनिव्हात, अशी ही विभागणी आहे. बर्नला तर राज्यघटनेने राजधानी म्हटलेलेच नाही. १८४८ साली संघराज्याचा कारभार तिथून चालवायचे ठरले आणि तेव्हापासून ते 'संघनगर' म्हणून ओळखले जाते. मुंबईवरच सगळा भार टाकण्याची सवय झालेल्या आपल्यासारख्यांना ही व्यवस्था प्रत्यक्ष पाहणे उद्बोधक ठरावे.

बर्नबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक उपेक्षा त्याचीच होते. आरे नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या उंचवट्यावर ११९१ साली वसवलेले हे गाव १४०५ च्या मोठ्या आगीनंतर दगडात पुन्हा उभे राहिले, आणि तो जुना भाग १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. घरांच्या तळमजल्यांना पुढून कमानी असल्यामुळे जवळपास सहा किलोमीटरचा छताखालचा रस्ता तयार झाला असून भर पावसात छत्रीविना गावभर हिंडता येते. याच कमानींच्या भागातील क्रामगासे नावाच्या रस्त्यावरच्या ४९ क्रमांकाच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, पेटंट कचेरीत नोकरी करणारा आइनस्टाइन १९०३ ते १९०५ या काळात भाड्याने राहत होता, आणि विशिष्ट सापेक्षतेचा सिद्धान्त त्याने मांडला तो याच बिऱ्हाडात असताना. संसद भवनासमोरच्या चौकात देशाच्या २६ कँटनांसाठी, म्हणजे घटक राज्यांसाठी, जमिनीतून २६ कारंजी उसळतात आणि उन्हाळ्यात त्यांत मुले मनसोक्त भिजत असतात. कायदेमंडळाच्या दारात इतका मोकळेपणा आपल्याकडे कल्पनेतही येणार नाही.

बाझेलची ओळख मात्र एका मतदानातून करून द्यावी लागेल. १९६७ साली तिथल्या संग्रहालयात उसनी ठेवलेली पिकासोची दोन चित्रे मालकाकडून विकली जाण्याची वेळ आली, तेव्हा ती विकत घेण्यासाठी सरकारी तिजोरीतून साठ लाख फ्रँक द्यावेत की नाहीत यावर बाझेलमध्ये रीतसर जनमत घेण्यात आले. उरलेली रक्कम लोकांनी रस्त्यावर उत्सव भरवून, वर्गणी जमवून उभी केली होती. मतदारांनी होकार दिला आणि त्या प्रेमाने भारावलेल्या पिकासोने आपली आणखी चार चित्रे शहराला भेट दिली. विशेष म्हणजे बाझेलच्या स्त्रियांना स्थानिक मतदानाचा हक्क त्याच्या आदल्या वर्षीच मिळाला होता, तर संघराज्याच्या पातळीवर स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळायला १९७१ उजाडावे लागले. लोकशाहीचे गोडवे गाताना हा उशीरही लक्षात ठेवायला हवा. ती चित्रे आजही तिथेच आहेत. बाझेलमध्ये ऱ्हाईन ओलांडायला इंजिन नसलेल्या होड्या आहेत. आडव्या ताणलेल्या तारेला बांधलेली होडी केवळ प्रवाहाच्या जोरावर पैलतीराला लागते.

झुरिच महाग आहे, हे खरेच. पण शहरभर बाराशेहून अधिक सार्वजनिक कारंजी असून त्यांचे पाणी सर्रास पितात, त्यामुळे बाटलीबंद पाण्यावर खर्च करण्याचे कारण नाही. फ्राउमुन्स्टर चर्चमधील, चित्रकार मार्क शागालने घडवलेल्या रंगीत काचा पाहाव्यात. ज्यांना जेवणाची चिंता असते, अशा शाकाहारी मंडळींसाठी सांगतो की १८९८ साली सुरू झालेले आणि आजही चालू असलेले हिल्टल हे शाकाहारी उपाहारगृह याच शहरात आहे. पिशवीतल्या खाकऱ्यांवर दिवस काढण्याची वेळ तिथे येत नाही.

जिनिव्हाशी आपले नाते जरा वेगळे आहे. रेडक्रॉसची स्थापना १८६३ साली तिथे झाली हे शाळेत शिकवले जाते. पण लंडनच्या इंडिया हाऊसचे संस्थापक श्यामजी कृष्णवर्मा यांनी आयुष्याची अखेरची वर्षे याच शहरात काढली, १९३० साली तिथेच त्यांचे निधन झाले आणि २००३ मध्ये भारतात आणल्या जाईपर्यंत त्यांच्या अस्थी तिथेच होत्या, हे फारसे कोणी सांगत नाही. टिळकांच्या शिफारशीने ज्या शिष्यवृत्तीवर सावरकर १९०६ साली लंडनला गेले, ती श्यामजींच्याच पुढाकारातली. शहराच्या सीमेवरच्या सर्न या संशोधन संस्थेच्या आवारात भारत सरकारने २००४ साली भेट दिलेली नटराजाची मूर्ती उभी आहे, आणि जिनिव्हाच्या मुख्य रेल्वे स्थानकाबाहेरून ट्रामने थेट तिथवर जाता येते.

हे सगळे पाहणे अवघड नाही, कारण तिथल्या रेल्वेचे वेळापत्रकच शहरे जोडण्याच्या हिशेबाने आखलेले आहे. झुरिच, बर्न आणि बाझेल या तिन्ही शहरांमधील परस्परांचा थेट गाडीचा प्रवास तासाच्या आत बसवण्यात आला. त्यामुळे गाड्या पूर्ण तासाच्या किंचित आधी येतात, प्रवाशांना गाडी बदलायला वेळ मिळतो आणि काही मिनिटांतच त्या पुढे निघतात. एका गावी मुक्काम ठेवून सामान न हलवता रोज नवे शहर करता येते. परदेशी प्रवाशांसाठीचा रेल्वे पास घेतला तर ट्राम, बस, सरोवरातल्या बोटी आणि अनेक संग्रहालयांचे प्रवेश शुल्कही त्यातच येते.

माझी विनंती दुहेरी आहे. सहल कंपन्यांनी शिखरांच्या कार्यक्रमाला धक्का न लावता दोन दिवस असा पास हाती देऊन प्रवाशांना मोकळे सोडावे; ज्येष्ठांना एकटे धाडणे नको वाटत असेल, तर सोबत एक मार्गदर्शक द्यावा. आणि आपल्या पुरवणीने या शहरांवर एखादी लेखमाला द्यावी, जिच्यात रविवारी बहुतेक दुकाने आणि सोमवारी अनेक संग्रहालये बंद असतात, संयुक्त राष्ट्रांची इमारत आतून पाहायची तर मूळ पासपोर्ट जवळ लागतो, अशी कामाची माहिती ठळकपणे असावी. बर्फाच्या छायाचित्रांची चार बोटे जागा कमी केली, तरी ती सहज मावेल.

आपला विश्वासू,
एक वाचक, ठाणे