ध्रुवीय शिक्षण म्हणजे सहल नव्हे

ग्रीनलंडमध्ये कांगरलुसुआकला अमेरिका, डेन्मार्क व ग्रीनलंडचे शाळकरी विद्यार्थी एकत्र क्षेत्रकार्य शिकत आले आहेत. पुढे सुमारे ३,२०० मीटर उंचीवरच्या समिट या संशोधन केंद्रावरही गेले आहेत. तिथला खरा धडा हिमखड्ड्यात, म्हणजे हिमाचे थर मोजायला खणलेल्या खड्ड्यात. त्याची मोजायची भिंत सावलीत हवी, नाहीतर उन्हाने तापमानाची नोंद चुकते. तिच्या कडेवर पाय पडला की हिम दबते आणि घनता उगाच वाढलेली दिसते. १,००० घनसेंटिमीटरच्या कटरमधले (हिमाचा नमुना कापून घ्यायच्या डब्यातले) हिम ३५० ग्रॅम भरले, तर घनता दर घनसेंटिमीटरला ०.३५ ग्रॅम. कटर कोमट असेल तर हिम चिकटते, वजन गंडते. नोंदी पेन्सिलीनेच, शाई गोठते.

गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्राचे हिमाचलमधल्या स्पीतीत 'हिमांश' हे संशोधन केंद्र आहे. अकरावीच्या मुलांना हा सराव तिथे का देऊ नये? उंची ४,००० मीटरच्या वर, त्यामुळे विरळ हवेची सवय व्हायला आधीचे काही दिवस राखून ठेवावेच लागतील.

– एक भूगोल शिक्षक, फोंडा