शेवटचं कडवं आणि तुझा घसा

प्रिय सोन्या,

काल फोन तू ठेवलास की रेंज गेली, ते मी विचारत नाही. घशाबद्दल जे बोलायचं ते काल बोलून झालंय. या पत्रात फक्त गाण्याबद्दल लिहिते.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. ‘आय वॉक द लाइन’ निवडलंस आणि तेही मेम्फिसमध्ये गाणार आहेस, याचा फार आनंद झाला. अमेरिकन गायक जॉनी कॅशने एप्रिल १९५६ मध्ये ते तुझ्याच गावात, युनियन अ‍ॅव्हेन्यूवरच्या सन स्टुडिओत रेकॉर्ड केलं. वाजवणारे तिघेच: कॅशची साधी गिटार, लूथर पर्किन्सची इलेक्ट्रिक आणि मार्शल ग्रँटचा उभा बेस. ड्रम नाहीतच. तुमच्यातल्या कोणाला ड्रमवाला आणायची हौस आली असेल, तर कृपा करून नाही म्हण.

तुझा उजवा हात सुरेख बसलाय. आधी खालचा सूर, मग झटका, पुन्हा सूर, पुन्हा झटका, आणि मध्ये कुठे घाई नाही. फक्त खालचे सूर आलटून पालटून घे. ई कॉर्डला सहावी तार मोकळी आणि मग पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरचं दुसरं घर. ए ला पाचवी मोकळी, मग सहावी मोकळी. डी ला चौथी, मग पाचवी. बी सेव्हनला तुझा बेस एकाच सुरावर अडकतो. तिथे मधलं बोट पाचव्या तारेवरून उचलून सहाव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर न्यायचं आणि परत आणायचं, बाकीची बोटं जागची हलवायची नाहीत. आधी मिनिटाला ऐंशी ठोक्यांवर घोटून घे, मग पाच-पाचने वाढव. मूळ रेकॉर्ड एकशे पाच ते एकशे दहाच्या आसपास आहे.

कागदाची युक्ती केलेली दिसत नाही. ड्रम नाहीत, तरी रेकॉर्डमध्ये झाडूने घासल्यासारखी खरखर ऐकू येते ना, ती कॅशच्या गिटारच्या तारांत ओवलेल्या कागदाची आहे. साध्या वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद घडी कर आणि एका तारेवरून, पुढच्या तारेखालून अशी ओव. जागा गिटारच्या भोकाच्या वरच्या कडेला, जिथे फ्रेट संपतात तिथे. तारा जिथे खाली टेकतात त्या ब्रिजजवळ सरकली तर सूरच मरतो. पुठ्ठ्यासारखा जाड कागद घेतलास तर नुसता ठकठक आवाज येतो, फार पातळ घेतलास तर दुसऱ्या ओळीतच घसरतो. कागदाने तारा किंचित ताणल्या जातात, म्हणून गिटार सुरात लावायची ती कागद ओवल्यावर. तुझ्या इलेक्ट्रिकवाल्या मित्राला सांग, तळहाताची कड ब्रिजवर टेकवून तारा अर्ध्या दाबून धरायच्या. लूथरचे सूर असे आखूड आणि गोल येतात ते त्यामुळेच. मोकळ्या तारा घणघणल्या तर तुझा कागद ऐकू येणार नाही.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक कडव्याआधीचं गुणगुणणं तू स्टाइल म्हणून करतोयस, आणि म्हणून ते भलत्याच सुरावर जातंय. पाच कडवी आहेत आणि दर कडव्याला षड्ज बदलतो: ई, ए, डी, ए, ई. (ही गिटारवरच्या पकडींची नावं. रेकॉर्डबरोबर वाजवायचं असेल तर कॅपो, म्हणजे तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, कानाने जुळव.) मागे तानपुरा नाही, म्हणून तो माणूस नवा षड्ज स्वतःच स्वतःला देतोय. आधी लूथरची खालच्या तारांवरची चाल नव्या सुरापर्यंत पोचू दे, तिथे गिटारचा सूर ऐक, मग त्यात मिसळून गुणगुण. ई वरून ए ला जाताना ई सेव्हन, ए वरून डी ला जाताना ए सेव्हन. परतताना ए साठी पुन्हा ई सेव्हन आणि शेवटी बी सेव्हन. गुणगुणणं चुकलं तर अख्खं कडवं चुकतं, कारण मध्ये सावरायला जागाच नाही.

आणि शेवटचं कडवं. तेच शब्द, पहिल्यापेक्षा बरोबर एक सप्तक खाली. नको म्हणत होते तरी इथे घशावर यावंच लागतं. खर्जात उतरताना तू हनुवटी छातीकडे ओढतोस आणि आवाज दाबतोस, ते रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट कळतं. खर्ज जोराने लागत नाही. तिथे आवाज कमी करायचा आणि माइकच्या जवळ जायचं, ओठांपासून तीन-चार बोटांवर. इतक्या जवळून माइक खालचे सूर आपोआप भरदार करतो. सकाळी उठल्या उठल्या जो खालचा सूर लागतो त्यावर भरवसा ठेवू नकोस, संध्याकाळी तो हाती येत नाही. कार्यक्रमाच्या वेळेलाच गाऊन बघ. नाहीच लागला तर कॅपो दोन-तीन फ्रेट वर घे, मात्र मग पहिलं कडवं वर चढेल, तेही तपासून बघ. दोन्ही टोकं जुळत नसतील तर शेवटचं कडवं वरच्याच सप्तकात गा. कोणी हसणार नाही.

झालं माझं भाषण सुरू. रागावू नकोस. आजीने ज्येष्ठमधाच्या कांड्या दिल्यात, त्या पार्सलमध्ये टाकते.

तुमच्या साउंडवाल्याला प्रतिध्वनीचं समजावून सांग. सन स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स दोन टेप मशीन जोडून तो काढायचा. मशीनमधलं टेपवर आवाज नोंदवणारं हेड आणि तो वाजवणारं हेड यांत जेवढं अंतर, तेवढा उशीर. टेप सेकंदाला पंधरा इंच पळते, अंतर दोन इंच धरलं तर साधारण १३३ मिलिसेकंद होतात. तुमच्या पेडलवर १२० ते १४० ठेवा, आवृत्ती एकच, आणि आवाज इतका कमी की बंद केल्यावरच तो होता हे कळावं. दोन-तीन आवृत्त्या ठेवल्या तर कागदाची खरखर आणि शब्द यांचा चिखल होतो.

गाणं संथ करायचा मोह कॅशलाही होता. त्याला ते सावकाश गायचं होतं, जलद घ्यायला लावलं फिलिप्सने, आणि रेडिओवर ऐकल्यावर कॅशला ते आवडलंही नव्हतं. माझ्या मते फिलिप्सचं बरोबर होतं. त्या न थांबणाऱ्या ठेक्यामुळेच गाण्यातली एकनिष्ठ राहायची शपथ खरी वाटते. चालीचं बीज जर्मनीत हवाई दलात असताना टेप उलटी लागल्यामुळे सापडलं, असं कॅश सांगायचा. शब्द टेक्सासमधल्या ग्लेडवॉटरला, रंगमंचामागे लिहिले. व्हिव्हियनशी लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते आणि हा सारखा दौऱ्यावर. पुढे तो शब्द टिकला नाही, घटस्फोट झाला. तरी त्या रेकॉर्डमध्ये तो खोटं बोलतोय असं मला कधीच वाटत नाही. म्हणून तूही चेहऱ्यावर काही आणू नकोस. डोळे मिटून मान हलवत गायचं हे गाणं नव्हे. सरळ उभा राहा आणि सांगितल्यासारखं गा.

लहानपणी तू जेवताना चमच्याने ताटाच्या कडेवर असाच ठेका धरायचास, आणि बाबा ओरडले की टेबलाखाली पायाने. हात तेव्हापासून तयार आहे तुझा. मला काळजी हाताची नाहीच.

काल तू म्हणालास, हवा बदलली म्हणून आवाज बसलाय. काकाचाही हवेनेच बसला होता. तीन आठवड्यांवर आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवायचंच असतं, मग दुखत असो वा नसो. तुझा पाचवा आठवडा चालू आहे. बहुतेक काही नसेल. आवाजाच्या पट्ट्या सुजल्या असतील, विश्रांतीने जाईल. पण ते त्यांना आत नळी घालून बघू दे. तोवर कुजबुजून बोलू नकोस, त्यानेही घशावर ताण पडतो. पुदिन्याच्या थंड गोळ्या चघळून गाऊ नकोस, घसा बधिर होतो आणि कुठे ताणतोय ते कळत नाही. पुन्हा तेच झालं, मला कळतंय.

विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरला फोन कर. शनिवारी गायचं की नाही ते त्यांना विचारून तूच ठरव, मी नको म्हणणार नाही. गायलास तर पूर्ण रेकॉर्डिंग पाठव, गुणगुणणं कापू नकोस.

तुझी,
आई

ता. क. कागदाच्या दोन पट्ट्या जास्तीच्या खिशात ठेव. हाताच्या घामाने ओली झाली की खरखर जाते. आणि डॉक्टरची वेळ मिळाली की लगेच मेसेज कर, इकडे रात्र असली तरी.