दादा, पॅडल हळूच दाबून बघ

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर आमच्या मिनिव्हॅनच्या ब्रेकचं सांगायला घेतलं आणि तेवढ्यात तुझी गाडी भरली. ‘काय काय केलंत ते सगळं लिहून पाठव’ म्हणालास, म्हणून हे पत्र. पावसाळा तोंडावर आलाय आणि तुझी कराड-चिपळूण भाडी चालूच असणार. तेव्हा यातलं निम्मं तुझ्या ईकोसाठीच लिहिलंय असं समज आणि गाडी उभी असताना सावकाश वाच.

आजार असा होता. सिग्नलला गाडी उभी, पाय ब्रेकवर नुसता टेकवलेला, आणि पॅडल आपसूक खाली खाली चाललंय. पाय उचलून परत दाबला की पॅडल वर, कडक. चालत्या गाडीत जोरात ब्रेक मारला तर गाडी जागच्या जागी थांबायची, त्यामुळे निखिलला सुरुवातीला माझं म्हणणं पटेना. पण मी बघून घेतलं होतं. ब्रेक ऑइलच्या डबीत पातळी जिथल्या तिथे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवला तर कोरडं. पॅडलच्या जोराने ऑइल नळ्यांत ढकलणारा मास्टर सिलिंडर जिथे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला टेकतो तिथेही ओल नाही, गाडीखाली डाग नाही. ऑइल बाहेर जात नाही आणि पॅडल तर बसतंय, म्हणजे दाब आतल्या आत निसटतोय. ती जागा मास्टर सिलिंडरची.

आप्पांच्या टेंपोचा सिलिंडर खोललेला तू पाहिला आहेस. आत पिस्टन, पिस्टनवर रबरी कप. नळकांडं आतून गंजलं किंवा रबर झिजलं की कपाच्या कडेने ऑइल मागे सरकतं. यात एक फसवी गोष्ट आहे, ती नीट लक्षात ठेव. जोरात दाबलं की दाबामुळेच कपाची कड भिंतीला घट्ट बसते आणि ब्रेक लागतो. हळू दाबलं की कड सैल राहते आणि ऑइल निसटतं. मेस्त्री गाडीत बसून एकदा जोरात पाय मारतो आणि ‘ब्रेक एकदम ओके’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्या तपासणीत हा दोष दिसतच नाही. तू उद्या असं कर: इंजिन चालू ठेव, पॅडल अगदी हलक्या पायाने दाब आणि मिनिटभर तसंच धरून ठेव. जागेवर राहिलं तर ठीक. सरकत गेलं आणि ऑइल बाहेर कुठे दिसत नसेल तर संशय सिलिंडरवर घ्यायचा. पॅडल दाबून ठेवून मग स्टार्टर मारलास तर ते एकदा थोडं खाली जाईल, ते बरोबर आहे. तेव्हा बूस्टर जागा झालेला असतो. त्यानंतर मात्र सरकता कामा नये.

सिलिंडरमध्ये एकापाठोपाठ दोन खण असतात आणि दोघांच्या नळ्या वेगळ्या. एका खणाने दगा दिला तरी दुसरा गाडी थांबवतो, चार हात लांब जाऊन का होईना. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना ही दुहेरी रचना सक्तीची झाली. त्याआधी बहुतेक गाड्यांत एकच खण असायचा आणि कुठलीही एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. त्या काळात घाट उतरणाऱ्यांचा मी हल्ली फार विचार करते. या दुसऱ्या खणाच्या भरवशावर आणखी काही दिवस गाडी हाकता आली असती, पण मागच्या सीटवर ओवी आणि शेजारची मुलं असतात. कळलं त्याच संध्याकाळी गाडी उभी केली. मिशिगनमध्ये खाजगी गाड्यांना तुझ्या पिवळ्या पाटीसारखं ठरावीक मुदतीचं पासिंग नाही. ब्रेक कसे आहेत हे विचारायला कुणी येत नाही, मालकानेच बघायचं.

सिलिंडर बदलायच्या कामातला सगळ्यात अवघड भाग नळ्या सोडवायचा. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटाला लागून लोखंडी नळ्या सडतात. नळीच्या नटाला साधा फिक्स पाना लावला की कोपरे गोल होतात, मग नट फिरत नाही किंवा नटाबरोबर नळीच पिळवटते. एका बाजूला फट असलेला रिंग पाना मिळतो. नळी फटीतून आत घ्यायची, म्हणजे नट सहापैकी पाच बाजूंनी पकडला जातो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. सकाळी आधी नट अगदी थोडा आवळायच्या बाजूला हलवला, मग सोडवला. दोन्ही बिनतक्रार सुटले. बूस्टरवरचे दोन नट काढले आणि सिलिंडर हातात. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं, म्हणून खाली फडकी पसरली होती आणि पाण्याची बाटली जवळच ठेवली होती. रंगावर थेंब पडला की पुसत बसायचं नाही, लगेच पाणी ओतायचं.

नवा सिलिंडर तसाच उचलून बसवायचा नसतो. आधी टेबलावर व्हाइसमध्ये पकडून त्याची हवा काढावी लागते. दोन भोकांना छोट्या नळ्या लावायच्या, त्यांची टोकं वळवून डबीतल्या ऑइलमध्ये बुडवायची आणि मागून लाकडी दांडक्याने पिस्टन दाबायचा. सावकाश आत, सावकाश बाहेर. पहिल्यांदा भसाभस हवा येते, मग मोठे बुडबुडे, मग बारीक. बराच वेळ वाटतं की झालं, आणि सिलिंडरला बोटाने टिचकी मारली की कोपऱ्यात अडकलेला आणखी एक बुडबुडा वर येतो. शेवटी पिस्टन जेमतेम चिमूटभर हलतो आणि पुढे जातच नाही, तेव्हा आत फक्त ऑइल आहे असं समजायचं. ही पायरी वगळली तर नंतर चाकाशी तासन्‌तास हवा काढूनही पॅडल मऊच राहतं. बसवण्याआधी जुना आणि नवा शेजारी ठेवून, बूस्टरचा दांडा पिस्टनमध्ये कितपत शिरतो तेही मापून घेतलं. दांडा लांब पडला तर ब्रेक चिकटून राहतात, आखूड पडला तर पॅडल खोल जातं.

मग निखिलला पॅडलवर बसवलं आणि मी चाकाशी. आप्पा टेंपोखालून ओरडायचे ते आठवतं ना, ‘दाब… धर… सोड’? माझा पाय पोचायचा नाही म्हणून मी सीटच्या अगदी कडेला सरकून बसायचे. निखिलला मी एकच सांगितलं: मी ‘सोड’ म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही. चाकाशी हवा काढायचं निपल असतं, ते उघडं असताना पाय वर आला तर आत हवा ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक ऑइल असलेल्या बाटलीत. ‘दाब.’ निपल पाव आटा उघडलं की नळीतून ऑइल धावतं आणि त्यात मोत्यासारखे बुडबुडे. ‘धर.’ निपल बंद. ‘सोड.’ सुरुवातीला ऑइल काळपट निघत होतं, नंतर नळीत पिवळसर, स्वच्छ यायला लागलं. दर थोड्या वेळाने उठून डबीत ऑइल घालत होते. डबी रिकामी होऊ दिली तर वरून हवा शिरते, आणि ती एबीएसच्या, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटमध्ये गेली तर कॉम्प्युटर लावून पंप फिरवल्याशिवाय निघत नाही.

कुठल्या चाकापासून सुरू करायचं हे गाडीवर असतं. सर्वसाधारण रीत म्हणजे सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. इथे ड्रायव्हर डावीकडे, म्हणून मागचं उजवं. तुझा ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून मागचं डावं. पण आमच्या गाडीत जोडणी तिरकी आहे, मागचं उजवं आणि पुढचं डावं एका खणावर, त्यामुळे त्या जोड्यांच्या क्रमाने घेतलं. तुझ्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघूनच कर. सिलिंडर जुनाच ठेवून नुसती हवा काढायची असेल तर पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेव. रोजच्या वापरात पिस्टन नळकांड्याच्या टोकापर्यंत जात नाही, तिथे गंज साचलेला असतो. पॅडल पार तळाला नेलं की त्या गंजावर घासून कपाची कड फाटते, आणि बरा असलेला सिलिंडर हवा काढल्यावर बिघडतो.

आता तुझं. कोयनानगर सोडून कुंभार्ली उतरायला लागलास की पुढे सगळा उतार. सतत ब्रेक मारला की डिस्क आणि ड्रम तापतात आणि ती उष्णता ऑइलपर्यंत पोचते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत पाण्याला काय तोटा. ताजं डॉट ३ प्रतीचं ऑइल कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकानुसार तोच आकडा १४० वर येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पॅडल तळाला जातं. चाकापर्यंत काहीच पोचत नाही. हे सपाट रस्त्यावर कधी कळत नाही, घाटातच कळतं. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलायचं, नुसतं वरून टॉप-अप नाही. फोडून बरेच दिवस ठेवलेला डबा वापरायचा नाही. आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा, हे आप्पा सांगायचे तेच मी सांगते.

आणखी एक, हे मेस्त्रीसमोर उभं राहून बघ. सिलिंडर खोलला तर आतलं रबर डिझेल-पेट्रोलने धुवायचं नाही. ब्रेकचं रबर पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल यांनी फुगतं आणि मग ब्रेक सुटतच नाहीत. ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवायचं. रबर किट घालून काम भागवायचं म्हणाला, तर नळकांड्यात बोट घालून बघ. खड्डे लागले तर किटचे पैसे वाया गेले समज, अख्खा सिलिंडरच घाल. पैसे कमी पडले तर मला सांग, संकोच करू नकोस.

आमचं पॅडल आता वरच्या वर कडक लागतं आणि पाय ठेवला की तिथेच राहतं. पहिल्यांदा आमच्या रिकाम्या गल्लीत हळू चालवून बघितली, मग मोठ्या रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी सगळे जोड परत पुसून पाहिले, कोरडे होते.

आईला सांग की ओवीला सुट्टी लागली की तिचा रोज फोन येईल. आई गुडघ्याची गोळी जेवणानंतरच घेते ना? वहिनींना नमस्कार. इथले एक ओळखीचे जुलैमध्ये साताऱ्याला येणार आहेत, त्यांच्याबरोबर फटीचा रिंग पाना आणि पारदर्शक नळी पाठवते. तुझ्या नळीचा नट किती नंबरचा आहे ते मोजून कळव. आणि डबीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलंय की डॉट ४, त्याचा फोटो आजच पाठव.

तुझी,
माई