पायाखाली दगड नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मालवणच्या स्कुबा डायव्हिंगवर लेख आला होता. सोबतच्या फोटोत एक तरुण जोडपे समुद्राच्या तळाशी दगडावर उभे आहे. दोघांचे अंगठे वर, एकाच्या हातात पावाचा तुकडा आणि भोवती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांची झुंबड. लेख वाचून माहेरची आठवण आली, लेखकाचे आभार. पण त्या एका फोटोत तीन चुका आहेत. त्या तिन्ही मी स्वतः केलेल्या असल्यामुळे मला चटकन दिसल्या.

मी मूळची मालवणची, आता वय 57. माझे आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जायचे. रापण ओढून झाली की वाळूत मासळीचे वाटे पडायचे आणि आम्ही पोरे टोपली घेऊन उभी. बांगडा, पेडवे, कर्ली, तांबोशी... नाव ओळखायचे आणि आईकडे साफ करायला द्यायचे, एवढाच आमचा आणि माशांचा संबंध. घरापासून समुद्र दोनशे पावलांवर, पण घरातल्या एकाही मुलीला पोहता येत नव्हते. मुलगे धक्क्यावरून उड्या मारायचे, आम्ही परकर सावरत गुडघाभर पाण्यात. पुढे लग्न होऊन डोंबिवलीला आले, पोस्टात 31 वर्षे काढली, आणि समुद्र म्हणजे मे महिन्यात आठ दिवस बघायची गोष्ट झाली.

चार वर्षांपूर्वी दिवाळीत भाच्याने हट्ट धरला, "मावशी, एकदा खाली बघ तर!" सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी नांगरली. आम्ही चौदाजण होतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे का, असे कोणी विचारले नाही (चालू होती). नाक दाबून फुंकायचे, श्वास तोंडाने घ्यायचा, एवढे शिक्षण पाच मिनिटांत आटोपले. माझ्या वाट्याला आलेला मुलगा गोड होता. म्हणाला, "काकू, भियां नकात, मी आसंय मां. खाली दगड गावतलो, त्येच्यार उभ्या रवा. फोटो बरो येतलो."

फोटो बरा आला. मी दगडावर उभी, हातात बिस्किट, अंगठा वर. टाचेखाली काहीतरी खारी बिस्किटासारखे मोडल्याचे जाणवले होते, पण कान इतके ठणकत होते की तिकडे लक्ष गेले नाही. बारा मिनिटांत वर. तो फोटो दोन वर्षे माझा डीपी होता.

ती बारा मिनिटे मात्र डोक्यातून जाईनात. ज्या किल्ल्याचा तट लहानपणापासून वरून पाहिला, त्याच्या पायथ्याशी एवढी वस्ती आहे हे मला पन्नाशी उलटून गेल्यावर कळावे? निवृत्तीनंतर पालिकेच्या तरण तलावात नाव घातले. सकाळी साडेसहाची महिलांची बॅच. बरोबरच्या मुली माझ्या सुनेच्या वयाच्या. भाजीवाली मावशीसुद्धा ओले केस बघून विचारायची, "आज काय पोहणं?" आठ महिन्यांनी न थांबता दोनशे मीटर पोहता येऊ लागले आणि दहा मिनिटे हातपाय न टेकता तरंगता येऊ लागले. रीतसर स्कुबा शिकायला एवढे लागतेच. मग तारकर्लीला जाऊन पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम केला. तिथे आधी वैद्यकीय फॉर्म भरून घेतला, रक्तदाब वाचून डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. मला रागच आला होता. आता वाटते, हा राग पहिल्या वेळी यायला हवा होता.

उथळ पाण्यातला सराव सगळ्यात कठीण. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचे आणि नाकाने हवा सोडून ते बाहेर काढायचे. पहिल्या दिवशी तीनदा घाबरून उभी राहिले, चौथ्यांदा रडले. (मास्कमध्ये रडले तर कोणाला कळत नाही, हा एक फायदा.) श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. दहा मीटर खाली पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे छातीभरून घेतलेली हवा रोखून वर आलात तर ती फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. कान दुखायला लागायच्या आतच नाक दाबून फुंकायचे, दुखल्यावर नाही. माझे पहिल्या वेळी काय चुकले ते तेव्हा कळले. आणि अंगठा वर म्हणजे "छान" नव्हे. पाण्याखाली त्याचा अर्थ "मला वर यायचे आहे". छानसाठी अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ करतात. तुमच्या फोटोतले ते जोडपे बिचारे सुटका मागते आहे!

लेखात "ऑक्सिजन सिलिंडर" असा शब्द चार वेळा आला आहे. त्या नळकांड्यात ऑक्सिजन नसतो. आपण डोंबिवलीत घेतो तीच हवा, धूळ-बाष्प गाळून दोनशे पटीने दाबून भरलेली. नुसता ऑक्सिजन भरून सहा-सात मीटरच्या खाली गेलात तर झटके येऊ शकतात. पोस्टात पत्त्यातला एक आकडा चुकला तर पत्र भलत्या गावाला जायचे, म्हणून ही खोड लागली आहे. राग नसावा.

पण मला लिहायचे आहे ते फोटोतल्या सगळ्यात मोठ्या चुकीबद्दल, पायाखालच्या दगडाबद्दल. वर्गात आमच्या प्रशिक्षकांनी पडद्यावर एक चित्र लावले. तपकिरी, खडबडीत, मेंदूसारख्या वळ्या असलेला गोळा. म्हणाले, "हे प्रवाळ. दगड दिसतो, पण जिवंत आहे. बारीक बारीक प्राण्यांची वसाहत. वर्षाला काही मिलिमीटर वाढते." मी फोन काढून डीपी मोठा करून पाहिला. तोच गोळा, आणि त्यावर मी.

गंमत म्हणजे पत्रिकेत मंगळ म्हणून माझ्या बोटात पंचवीस वर्षे पोवळे आहे. पोवळे म्हणजे समुद्रातल्या प्राण्याचा सांगाडा, हे अंगठी देणाऱ्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ पहिल्या परिशिष्टात आहे. त्याच यादीत वाघ आहे. किल्ल्याभोवतालचे पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. वाघाच्या पाठीवर उभे राहून कोणी फोटो काढील का? काढला तरी तुम्ही छापाल का?

यात मी पर्यटकांना खाली नेणाऱ्या मुलांना दोष देत नाही. ती आमचीच आहेत. रापणीत आता पूर्वीसारखी मासळी नाही, घर या आठ महिन्यांच्या हंगामावर चालते, आणि सुट्टीत एकेका दिवशी किती माणसे खाली न्यावी लागतात ते मी पाहिले आहे. दोष शिकवण्याच्या घाईचा आहे. पाण्यात तरंगून राहता न येणारा माणूस उभा राहायला काहीतरी शोधणारच. अधांतरी राहायला शिकवावे लागते. जॅकेटमध्ये किंचित हवा भरायची आणि बाकीचे श्वासावर सोडायचे. श्वास घेतला की शरीर वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. मला हे जमले तिसऱ्या दिवशी. जमले त्या क्षणी हातापायांची धडपड थांबली आणि समोरचे दिसायला लागले.

काय दिसले, ते सांगते. निवतीच्या दीपगृहाजवळच्या खडकांत बारा मीटरवर एका कपारीत वाम होती, सापासारखा लांब मासा. एकसारखी तोंडाची उघडझाप करत होती. मला वाटले चावायला येते आहे, पण ती फक्त श्वास घेत होती. पुढे एक करडा, जाडजूड मासा खडकाच्या सावलीत स्थिर उभा होता. कुठेतरी पाहिला आहे, पण नाव आठवेना. प्रशिक्षकांनी टॉर्च लावला आणि तो मासा लालभडक झाला. तांबोशी! पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो, म्हणून तिथे तांबोशी तांबूस दिसतच नाही. मी जन्मभर तिला ओळखत होते ती टोपलीतली, मेलेली. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. तेवढ्यात हवेचा काटा बघायची खूण झाली.

माशांना पाव-बिस्किटे घालू नयेत, हे वेगळे सांगायला नको. फोटोत झुंबड दिसते ती आपल्या प्रेमाची नसते, पावाची असते. खडकावरचे शेवाळ खायचे सोडून ते मासे होड्यांची वाट बघत राहतात.

माझी मागणी मोठी नाही. एक दिवसाच्या पर्यटकाला पूर्ण अभ्यासक्रम करायला लावा, असे मी म्हणत नाही. पण खोल पाण्यात नेण्याआधी त्याला अर्धा तास किनाऱ्याजवळ, वाळूच्या तळावर शिकवा. रक्तदाब, दमा विचारा. फोटो काढायचा तर वाळूवर गुडघे टेकवून काढा, तो तितकाच बरा येतो. आणि पर्यटकांनीही होडीत बसण्यापूर्वी दर विचारतो तसे हेही विचारावे, की शिकवणार किती वेळ?

आपल्याकडून एवढेच हवे, की उभे राहिलेल्या माणसांचे फोटो छापणे थांबवा आणि "ऑक्सिजन सिलिंडर"ची दुरुस्ती एका ओळीत द्या. मालवणचा हंगाम मे अखेरीला बंद होतो. त्याआधी छापलीत तर बरे.

आपली,
एक मालवणची माहेरवाशीण,
डोंबिवली (पूर्व)